सहा वर्षांखालच्या दिव्यांग मुलांचं केंद्र: कुठून सुरुवात करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तालुक्याच्या गावी संस्थेची जागा आहे, एक पूर्णवेळ विशेष शिक्षिका मिळाली आहे, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस येणार आहेत आणि एक देणगीदार थेरपीच्या साहित्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत. सहा वर्षांखालच्या दिव्यांग मुलांसाठी केंद्र काढायचंय, तर ते खरंच उपयोगी पडावं म्हणून आधी काय करावं?

आधी देणगीदारांना भेटा आणि त्या पैशातला मोठा वाटा प्रवासाकडे वळवून घ्या. शिक्षिकेच्या स्कूटीचं पेट्रोल, आई आणि लेकराचं एसटीचं भाडं, जिल्ह्याला जायच्या दिवशी बुडालेली मजुरी. बॉल पूल, मोठे आरसे, झोपाळे यांचाही उपयोग होतो, पण ते दुसऱ्या वर्षी घेतले तरी चालतं. साधा हिशेब करा. लहान मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे ८४ तास. तुमच्याकडे ते आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास आलं, तर झाला दीड तास. उरलेले ८२हून अधिक तास ते आईच्या कडेवर, आजीच्या मांडीवर, ओसरीवर आणि अंगणवाडीत असतं. मूल शिकतं ते त्या वेळात. केंद्रातल्या दीड तासामुळे घरच्या ८२ तासांत काही बदललं, तर केंद्र चाललं असं म्हणायचं. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर उभं आहे.

मुलं आपोआप येतील असं धरून चालू नका. ज्याचा पाय वाकडा आहे किंवा जे मान धरत नाही, ते लेकरू आई-वडील घेऊन येतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. ऐकू न येणारं, कमी दिसणारं, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेलं मूल मात्र चार-पाच वर्षांचं होऊन शाळेची वेळ येईपर्यंत घरातच राहतं. तोवर घरचे धीर देत असतात: मुलगा आहे, उशिराच बोलेल, याचा बापसुद्धा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. त्या धीरापोटी सगळ्यात मोलाची वर्षं निघून जातात.

म्हणून तीन दारांशी ओळख करून घ्या. पहिलं, जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. दिवसांआधी जन्मलेलं, खूप कमी वजनाचं, जन्मल्यावर रडायला वेळ लागलेलं, कावीळ फार वाढलेलं, पहिल्या दिवसांत झटके आलेलं प्रत्येक बाळ घरी सोडल्यापासून नजरेखाली राहायला हवं. दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून हा कार्यक्रम सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असं हे पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जाऊन मुलं तपासतं. त्यांचा दौरा आधीच ठरलेला असतो. तो मागून घ्या आणि त्या दिवशी तुमच्या शिक्षिकेला सोबत पाठवा. तिसरं दार आशाताईंचं. कोणत्या घरात मूल आत ठेवलं जातं हे त्यांना माहीत असतं.

पथक मूल शोधतं, चिठ्ठी लिहितं, जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतं. आणि बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं. एका दिवसाची मजुरी जाते, कोणत्या मजल्यावर कोणती खोली हे कळत नाही, डॉक्टर रजेवर असतात, आणि मुलाची आई परत येते ती पुन्हा जात नाही. पहिल्या वर्षी तुमच्या केंद्राने फक्त एवढंच काम केलं, की प्रत्येक चिठ्ठीवाल्या कुटुंबाबरोबर एक माणूस जिल्ह्याला गेला आणि तपासणी पूर्ण करून परत आला, तरी मी ते केंद्र उत्तम मानेन.

अंगणवाडी सेविकांना आणि आशांना धोक्याच्या खुणा तोंडपाठ करून द्या. चौथा-पाचवा महिना संपत आला तरी मान स्थिर नाही, नऊ-दहा महिन्यांपर्यंत बसत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही. वर्षाचं होऊनही बोबडे आवाज नाहीत, बोट दाखवून काही मागत नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट यायची बंद झाली. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी तिरुवनंतपुरमच्या बाल विकास केंद्राने तयार केलेला १७ टप्प्यांचा तक्ता भिंतीवर लावण्याइतका सोपा आहे. सेविका तो चटकन शिकतात.

एक खूण वेगळी सांगते, कारण ती फार वेळा हातून निसटते. चार ते आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर एकामागून एक, ओळीने, मान आणि हात पुढे झटकतं, जणू दचकतंय. घरच्यांना वाटतं पोटात दुखतंय किंवा घाबरलंय. हे आकडीचं एक गंभीर रूप असू शकतं आणि त्यात एकेक आठवडा महत्त्वाचा असतो. मोबाईलवर चित्रफीत काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसंच दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे, आणि वाकड्या पावलाचं प्लास्टर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालं पाहिजे. या गोष्टी तुमच्या केंद्रात करायच्या नाहीत, पण वेळेत घडतात का ते बघायचं.

बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. आजी सांगते, ताटली वाजवली की वळतो. मूल ताटली धरलेला हात बघून वळतं, जमिनीतून आलेल्या कंपनाने वळतं, नाहीतर नेमका तेवढाच मोठा आवाज त्याला ऐकू येत असतो. ओएई (कानाच्या आतल्या भागाचा प्रतिसाद बघणारी) आणि गरज पडल्यास बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी), या तपासण्यांना पर्याय नाही. श्रवणदोषाच्या कामात जगभर १-३-६ हा नियम पाळतात: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचं काम सुरू. आपल्याकडे आज ते प्रत्येक बाळाला मिळत नाही. म्हणून तर मूल जितक्या लवकर तुमच्या हाती लागेल तितक्या लवकर श्रवणदोषावर काम करणारी मुंबईची अलीयावर जंग संस्था किंवा जवळचं वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

मात्र निदानाचा कागद हातात आला की मगच काम सुरू करू, असं करू नका. बसता न येणाऱ्या मुलाला बसायला मदत करायला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) हा शब्द कागदावर असण्याची गरज नाही. डोळ्यांत न बघणाऱ्या मुलाशी खेळायला ऑटिझमचं प्रमाणपत्र लागत नाही. तपासण्या एका बाजूला चालू राहतील, काम दुसऱ्या बाजूला सुरू होऊ दे.

आता मुख्य गोष्ट, पहिली घरभेट. तपासणीची पेटी लगेच उघडू नका. जमिनीवर बसा आणि आईला एवढंच विचारा, की उठल्यापासून झोपेपर्यंत याचा दिवस कसा जातो? मध्ये मध्ये, कोणती वेळ बरी जाते आणि कोणती वेळ जड जाते? चालता येत नाही, हे उत्तर क्वचितच येतं. येतं ते असं: आंघोळ घालताना काठीसारखा ताठ होतो. मी पाण्याला गेले की रडून रडून ओकतो. रात्री दोन वाजता उठतो आणि सगळं घर उठवतो. एका जेवणाला दीड तास लागतो. यातून पहिलं काम निवडायचं, कारण ते काम आई रोज करणारच आहे.

जेवणाचंच जवळून बघू. सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं लेकरू. आई पाय पसरून बसते, त्याला पायांवर उताणं घेते, मान मागे पडलेली, आणि पातळ पेज किंवा वरणाचं पाणी वाटीने तोंडात सोडते. लेकरू ठसकतं, ताठ होतं, निम्मं बाहेर येतं. लहान बाळाला भरवायची हीच पद्धत तिने बघितलेली असते, आणि मूल मोठं झालं तरी मान धरत नाही म्हणून तीच चालू राहते. पण मान मागे गेली की गिळताना श्वासनलिका नीट झाकली जात नाही आणि पातळ पदार्थ सरळ फुप्फुसाकडे जाऊ शकतो. वारंवार होणारा न्यूमोनिया आणि न वाढणारं वजन यांचं मूळ अनेकदा इथे असतं.

उपाय घरातलाच आहे. लेकराला भिंतीच्या कोपऱ्यात किंवा आईच्या मांडीवर बसतं करायचं. कमरेत आणि गुडघ्यात पाय वाकलेले, पावलांखाली पाट, डोकं मध्ये आणि हनुवटी किंचित खाली. आईने समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. पेजेऐवजी मऊ घट्ट खिचडी, दाट वरणात कुस्करलेला भात, कुस्करलेलं केळं. चमचा लहान आणि चपटा. तो समोरून, थोडा खालून आणायचा, खालच्या ओठावर टेकवायचा आणि थांबायचं. वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईपर्यंत थांबायचं. घास वरच्या दातांवर खरवडून आत ढकलायचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओला घरघरता होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवायचं.

बघा, यात मानेवर ताबा आला, धड सावरणं आलं, ओठ मिटणं आलं, आईच्या चेहऱ्याकडे बघणं आलं. शिवाय ‘आणखी हवंय का?’ हे विचारून त्याच्या डोळ्यांच्या इशाऱ्याची वाट बघणंही आलं. दिवसातून तीनदा, वर्षाचे ३६५ दिवस. इतका सराव कोणतंही केंद्र देऊ शकत नाही. आणि जेवणाचा वेळ कमी झाला की आईला तिचा स्वतःचा तास परत मिळतो. त्या तासाच्या बळावर ती तुमचं पुढचं ऐकते.

भिंतीच्या कोपऱ्यासारखा आधार देणारी कोपऱ्यातली खुर्ची गावातल्या सुताराकडून करून घेता येते. पुठ्ठ्याचीही होते. जुन्या खोक्यांचे थर मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, वरून कागदाच्या पट्ट्या लावून, उन्हात कडक वाळवून केलेली खुर्ची लेकराचं वजन व्यवस्थित पेलते. झिम्बाब्वेमध्ये अशा कागदी फर्निचरची पद्धत बसवली गेली आणि पुढे अनेक देशांत ती अपंग मुलांसाठी वापरली गेली. मापं मात्र फिजिओथेरपिस्टनीच घ्यायची, आणि मूल वाढतं म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यायची. माप चुकलेली खुर्ची नसलेलीच बरी.

उद्दिष्टं दोन, फार तर तीन ठेवा. ‘सूक्ष्म कारक कौशल्यात सुधारणा’ असलं काही लिहू नका. ‘दुपारच्या जेवणात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भाकरीचे चार तुकडे स्वतः तोंडात घालेल, आजी फक्त ताटली धरेल’ असं लिहा. कोण, कधी, कुठे, किती मदतीने. आईच्या बोलीत लिहा आणि कागद दाराच्या मागे चिकटवा, म्हणजे वडील आणि आजीही वाचतील. तीन महिन्यांनी बसून बदला. उद्दिष्ट साधलं नाही तर बहुतेक वेळा ते मोठं असतं, ते अर्धं करा.

घरी करायच्या बारा व्यायामांचा झेरॉक्स देऊन काही होत नाही. एक गोष्ट दाखवा, मग लेकरू आईच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. तिचे हात बसेपर्यंत बघत राहा. नवीन काम सांगण्यापेक्षा असलेल्या कामाला जोडा: तेल लावताना ताठ स्नायू हळूहळू सैल करणं, झबलं घालताना ‘हात दे’ म्हणून थांबणं, बाजारातून आलेले कांदे आणि बटाटे दोन टोपल्यांत वेगळे करणं. तळहातावर बोट टेकवत मोर बोलवायचा आपला जुना खेळ घ्या. त्यात नजर जुळते, बोट दाखवणं येतं, माझी पाळी-तुझी पाळी येते, पुढे काय होणार याची उत्सुकता येते. ऑटिझम असलेल्या मुलाबरोबर याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. आणि सगळ्यांना एकच सवय लावा: मुलाला काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं. अनेक मुलांना उत्तर येत असतं, पण ते बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण प्रश्न तीनदा विचारून, उत्तरही आपणच देऊन टाकलेलं असतं.

घरी जाऊन पालकांना हाताशी धरण्याची ही पद्धत ग्रामीण गरजेतूनच आली आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज गावी मुलं इतकी दूर दूर विखुरलेली होती की सगळ्यांना वर्गात आणणं शक्यच नव्हतं. मग शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन पालकांना पुढच्या आठवड्याचं काम शिकवू लागली. पोर्टेज पद्धत म्हणून ती आपल्याकडेही शिकवली जाते. तुमच्या शिक्षिकेला येत नसेल तर तिचं प्रशिक्षण हा पहिला खर्च धरा.

तीन वर्षांनंतर मूल अंगणवाडीत गेलं पाहिजे, आणि अंगणवाडी भरलेली असते त्या वेळात तुम्ही त्याला केंद्रात बोलवू नका. याबाबत मी हट्टी आहे. थेरपी दुपारी ठेवा. मूल भाषा शिकतं ती बोलणाऱ्या मुलांमध्ये. रांगेत थांबणं, मागून घेणं, भांडणं, रुसणं हे शिकायला त्याच्या वयाची मुलं लागतात. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही वर्ग मुलांपर्यंत नेला. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर गेल्या आणि अंगणात वर्ग भरवले. दिव्यांग मूल अंगणवाडीतच असावं, हे आज सरकारी पातळीवरही मान्य झालं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठीची अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि गरजेप्रमाणे पुढे पाठवायचं, हा तिचा गाभा आहे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटायला जाताना तिची प्रत घेऊन जा, बोलणं सोपं होतं.

सेविकेचा विचार मात्र आधी करा. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवरच्या नोंदी, वजन-उंची, आहार वाटप, गृहभेटी, सर्वेक्षण, आणि समोर पंचवीस-तीस मुलं. तिला नवीन रजिस्टर देऊ नका. प्रत्येक मुलासाठी एका वेळी एकच गोष्ट मागा. शिक्षिकेने ठरलेल्या वारी जायचं आणि मुलाला बाजूला घेऊन बसायचं नाही, सगळ्या मुलांच्या गोलात बसायचं. अंगणवाडीच्या अभ्यासक्रमातला त्या दिवसाचा जो विषय असेल, त्यातच या मुलाला जागा करायची.

छोट्या बदलांनी किती फरक पडतो ते सांगते. ऐकू न येणारं मूल असेल तर सेविकेने खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. श्रवणयंत्राची बॅटरी रोज सकाळी आल्या आल्या बघायची. पाणी, शू, खाऊ, ये, थांब यांच्या खुणा सगळ्याच मुलांनी शिकायच्या, त्यांना त्या फार आवडतात. कमी दिसणाऱ्या मुलाला स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाचं ताट द्या. सेरेब्रल पाल्सीवाल्या मुलाची खुर्ची इतकी बुटकी असू दे की त्याचं डोकं सतरंजीवर बसलेल्या मुलांच्या पातळीला येईल. उंच खुर्चीत, भिंतीला टेकून, सगळ्यांपासून दूर ठेवलेलं मूल अंगणवाडीत येऊनही एकटंच राहतं.

ऑटिझम असलेल्या मुलाबद्दल सेविका म्हणतात, बसतच नाही, पळून जातो. तर तो कधी पळतो ते आधी बघा. असंच एका अंगणवाडीत बघितलं, तर मुलगा दर वेळी गाण्यांच्या तासाला उठायचा, कारण मदतनीसताई ताल धरायला डबा वाजवायच्या आणि तो आवाज त्याला सोसत नव्हता. डबा बंद केला, टाळ्या ठेवल्या. गोलात त्याची जागा दाराजवळ केली. दिवसाच्या चार कामांची चार चित्रं दोरीला क्लिपने लावली, आणि एक काम झालं की चित्र काढून डब्यात टाकायचं काम त्यालाच दिलं. पुढे काय आहे हे कळायला लागलं तसा तो बसायला लागला, आधी एका गाण्यापुरता, मग दोन गाण्यांपुरता. सेविकेने यात कोणताही कोर्स केलेला नव्हता. तिला कारण कळलं आणि पुढचं तिनेच केलं.

इतर पालक कधी म्हणतात, आमच्या मुलांना तसली सवय लागेल. त्यांच्याशी वाद घालू नका. आपल्या राज्यात लहान मुलांच्या विकासासाठीच्या ‘आरंभ’ कार्यक्रमाचे पालक मेळावे भरतात, तिथे या मुलांच्या आयांनाही एखादा खेळाचा कोपरा मांडायला द्या. आपलं आणि दुसऱ्याचं लेकरू एकाच खेळात दिसलं की बरेच आक्षेप मावळतात.

फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातला एकच दिवस आहे, तो बारा मुलांना वीस-वीस मिनिटं वाटून संपवू नका. अर्धा दिवस केंद्रात, अर्धा दिवस शिक्षिकेबरोबर घरी किंवा अंगणवाडीत. त्यांनी शिक्षिकेला शिकवायचं, शिक्षिकेने कुटुंबाला. प्रत्येक कुटुंबासाठी एकच मुख्य माणूस असावा. नाहीतर डॉक्टर एक सांगतात, थेरपिस्ट दुसरं, ताई तिसरं, आणि आई सगळंच सोडून देते. एका शिक्षिकेकडे वीस-पंचवीसपेक्षा जास्त कुटुंबं देऊ नका. देणगीदार शंभरचा आकडा मागतील, त्यांना नीट समजावून सांगा. शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याची खात्री करा. आणि आठवड्यातून एक तास सगळ्यांनी बसून दोन-तीन मुलांबद्दल सविस्तर बोलायचं. तो तास कशासाठीही रद्द करू नका.

घरात बहुतेक वेळा दोष आईवर येतो: ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं, तिच्या माहेरीच असं आहे. सासू समोर बसलेली असताना, डॉक्टरांच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत हे सांगितलं गेलं पाहिजे की ग्रहणाचा आणि खाण्याचा याच्याशी संबंध नाही. एक भेट मुद्दाम संध्याकाळी ठेवा, वडील घरी असतात. घरचे नवस बोलतात, देवाला जातात. त्यावरून त्यांना बोलू नका. जाऊ दे, पण आकडीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे मात्र ठासून सांगा. औषध एकदम थांबवलं की झटके वाढतात, कधी जिवावर बेततं.

महागड्या आश्वासनांपासूनही त्यांना वाचवावं लागेल. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांच्या जाहिराती गावोगावच्या मोबाईलवर पोचल्या आहेत, लोक शेत गहाण टाकून जातात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. पालकांच्या गटात हे अधूनमधून पुन्हा सांगत राहा. तसंच पाय सरळ व्हावेत म्हणून जोर लावून ओढणं, चोळणं, दोरीने बांधणं. ताठ स्नायू जबरदस्तीने ओढले की आणखी ताठ होतात आणि मूल स्पर्शालाच घाबरायला लागतं.

तुमचा तालुका ऊसतोडीचा असेल तर वर्षाची आखणीच वेगळी करा. दिवाळीच्या आसपास कुटुंबं कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. मूल बरोबर जातं, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ होतं. नाव कापू नका. दसऱ्यानंतर प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाची एक भेट घ्या. आकडीच्या औषधाचा साठा आणि चिठ्ठीची प्रत, मुलाची एका पानाची माहिती, कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, ठेवता येईल अशी हलकी पुठ्ठ्याची बैठक, आणि सहा महिन्यांसाठी फक्त दोन कामं. कारखान्याचं गाव कळलं तर तिथल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेला फोन करा. दर पंधरवड्याला रात्री जेवणानंतर व्हिडिओ कॉल. उघड्या फडात आणि टायरगाडीच्या आसपास हे लेकरू कुठे आणि कोणाजवळ राहणार, हेही मोकळेपणाने विचारा. त्याचं उत्तर सहसा त्याची सात-आठ वर्षांची बहीण असते, आणि तिची शाळा त्यापायी सुटते. त्या मुलीसाठी गावात राहण्याची किंवा तिथल्या शाळेची सोय बघणं हेही तुमच्याच कामात येतं.

कागदपत्रांचं काम एका माणसाकडे सोपवा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), सहाय्यक साधनांसाठी एडिप योजना, आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, जिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचाही काही भाग धरून. एडिपमधून मिळालेली व्हीलचेअर किंवा बूट मुलाला बसतात का ते बघितल्याशिवाय फाइल बंद करू नका.

काम किती झालं याची मोजणी साधी ठेवा. किती सत्रं घेतली हे अहवालात लिहावं लागेल, ते लिहा. पण स्वतःसाठी वेगळी वही ठेवा: मूल अंगणवाडीत आठवड्यातले किती दिवस गेलं, दाराच्या मागच्या कागदावरचं काम घरात खरंच होतंय का, आणि आई गेल्या महिन्यात मुलाला घेऊन लग्नाला, बाजारात, माहेरी कुठे गेली का. तिसरा प्रश्न अनेकांना गौण वाटतो. मला तो सगळ्यात जास्त सांगून जातो, कारण ज्या घराने मूल बाहेर नेलं त्या घराने ते स्वीकारलेलं असतं.

शेवटचं, पहिलीचं. मूल पाच वर्षांचं झालं की त्याच वर्षी तयारी सुरू करा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, दोन्ही त्याच्या बाजूने आहेत. ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. तरी मुख्याध्यापकांना कायद्याच्या कलमांपेक्षा मुलाची ओळख आधी करून द्या. जानेवारी-फेब्रुवारीत आई, मूल आणि शिक्षिका यांनी शाळेत जायचं. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना त्या दिवशी बोलवून घ्यायचं. शौचालयापर्यंत मूल कसं पोचेल, दाराला कडी कोणत्या उंचीवर आहे, आत धरायला काही आहे का, ते जाऊन बघायचं. अनेक मुलींची शाळा अभ्यासामुळे सुटत नाही, शौचालयामुळे सुटते. मग मुलाबद्दल एक पान लिहून द्यायचं: याला काय आवडतं, हा काय मागतो आणि कसं मागतो, कशाने घाबरतो, झटका आला तर काय करायचं, कुठे बसवलं तर उत्तम. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला आठवडा तुमच्या शिक्षिकेने रोज तासभर तिथे असायचं, आणि त्याची फाइल निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उघडी ठेवायची. शाळेकडून अडचणीचा फोन आलाच तर तो सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो.